तेवढं एक ‘अगं’

नवऱ्याला घरूनच काम करायची मुभा मिळाली, तेव्हा लोकांनी अभिनंदन केलं ते बाईंचं. जिन्यात भेटेल ती शेजारीण म्हणे, नशीब काढलंत हो, दिवसभर नवरा डोळ्यांसमोर. असं म्हणणाऱ्यांपैकी एकीचाही नवरा दिवसभर घरात नव्हता, हे बाईंनी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं. पण त्याही हसून ‘हो ना’ म्हणाल्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

कारण ऑफिसला जाणारा नवरा त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला होता. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तो तक्रारींचा विभाग सांभाळायचा. सकाळी गेलेला माणूस अंधार पडल्यावर पाठ धरून घरी यायचा. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून जवळची सगळी गोडी संपलेली असायची, त्यामुळे बायकोच्या वाट्याला नुसतं ‘हं’ यायचं. घरून काम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत पाठीचं दुखणं सुंठेवाचून गेलं. चेहऱ्यावर तुकतुकी आली. दुपारचा चहा तो स्वतः करायला लागला. एकदा तर भांडी विसळता विसळता शीळ घालत होता. या माणसाला शीळ घालता येते हे बाईंना संसाराची इतकी वर्षं उलटल्यावर कळलं, आणि त्यांना मनापासून बरं वाटलं.

मात्र या सगळ्या कौतुकात एक गोष्ट सगळेच विसरले. त्या घरातून आधीपासूनच एक जण काम करत होतं.

बाई स्पीच थेरपिस्ट होत्या. आसपासच्या लोकांपैकी एवढं अवघड नाव कोण घेणार, म्हणून त्या झाल्या ‘बोलायच्या बाई’. अडखळत बोलणारी पोरं, ऑपरेशननंतर आवाज बसलेली माणसं, अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेलेले म्हातारे, सगळे त्यांच्याकडे यायचे. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या, ओठांची हालचाल दिसावी म्हणून भिंतीला एक मोठा आरसा, आणि चित्रांची चळत. नियम म्हणाल तर एकच. सोबत आलेल्या नातेवाइकांनी त्या खोलीत ‘गप्प’ हा शब्द उच्चारायचा नाही. एका बापाने सवयीने पोराला ‘गप बस’ म्हटलं, तर बाईंनी त्या बापालाच जिन्यात नेऊन बसवलं होतं. अशा बाबतीत त्या कोणाची भीड ठेवत नसत.

तर नवऱ्याचं टेबल आलं ते बाहेरच्या खोलीतच. इंटरनेट तिथेच नीट मिळतं आणि मागची भिंत कॅमेऱ्यात स्वच्छ दिसते, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात खोटं काढण्यासारखं काही नव्हतं. आरसा निघाला, आतल्या खोलीत पलंगाशेजारी लागला. मधली भिंत इतकी पातळ की इकडे कूस बदलली तर तिकडे कळावं. अडखळणारी पोरं मोठ्याने हसतात, खुर्च्या ओढतात. त्यांच्या आयांनी चार वेळा ‘जरा हळू’ ऐकलं आणि पाचव्या वेळी त्या आल्याच नाहीत. नवरा म्हणाला, अगं, जरा कमी झालं काम तर तुलाही आराम. त्याने ते प्रेमानेच म्हटलं होतं. प्रेमाने म्हटलेल्या गोष्टीवर भांडता येत नाही, ही मोठीच पंचाईत असते.

शेवटी नेमाने येणारे उरले ते कंडक्टरकाका.

काका उभा जन्म बसमध्ये कंडक्टर होते. गच्च भरलेल्या गाडीत मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत आवाज पोचवणारा माणूस. निवृत्त झाले, घरी बसले आणि मेंदूत गुठळी होऊन उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. समजत सगळं होतं. तुम्ही विनोद केलात तर डोळे हसायचे. पण तोंड उघडलं की आत नुसती हवा. कितीतरी दिवस बाईंनी नाना तऱ्हा करून पाहिल्या. चित्रं झाली, आकडे झाले, वार झाले. काका घामाघूम व्हायचे आणि शेवटी डाव्या हाताने कपाळावर मारून घ्यायचे.

मग एक दिवस, पोरं अजून येत होती तेव्हाची गोष्ट, सगळी चिल्लीपिल्ली एकदम दारात घुसली आणि अडकून बसली. आणि बाईंच्या पाठीमागून, अख्खी खोली हादरेल अशा आवाजात आलं, “चला, पुढे सरका!”

पोरं मुकाट्याने सरकली. काकांचं तोंड उघडंच राहिलं. स्वतःच्या आवाजाला इतकं दचकलेलं माणूस बाईंनी पाहिलं नव्हतं. काकू, म्हणजे काकांची बायको, पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या.

बाईंनी काकूंना समजावून सांगितलं. जे बोलणं माणसाने जन्मभर घोकलेलं असतं, ते मेंदूत वेगळ्या कोपऱ्यात सांभाळलेलं असतं, आणि वाचा गेली तरी कधीकधी ते आपल्या चालीवर बाहेर पडतं. त्या चालीचा धागा धरून हळूहळू बाकीचे शब्द ओढून आणायचे. काकांच्या बाबतीत मात्र एक अट होती. शब्द यायचा तो बसमधल्या आवाजातच. हळू म्हणायला सांगितलं की घशात अडकून बसायचा. म्हणून बाई स्वतःसुद्धा ओरडायच्या. ‘पुढे सरका’वरून ‘पुढे’, मग ‘पुढे पाणी’, मग नुसतं ‘पाणी’. एक पाणी मागायचं तर अख्ख्या इमारतीला ऐकू जायचं. पण मागता यायला लागलं होतं.

काकूंचं मागणं त्याहून लहान होतं. एकदा काका जिना उतरत असताना त्या मागे रेंगाळल्या आणि बाईंना म्हणाल्या, “यांनी मला नावाने कधी हाक मारलीच नाही हो. जन्मभर नुसतं ‘अगं’. तेवढं आलं ना, तरी बास. बाकी काही नाही बोलले तरी चालेल.”

बाईंनी त्यांना शब्द दिला. असा शब्द द्यायचा नसतो, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. तरी दिला, कारण तो पुरा होईल असं त्यांना खरोखर वाटत होतं.

हा सगळा आरडाओरडा काकांच्या घरी का करता येत नव्हता, हे सांगायला हवं. काकांचा मुलगाही घरूनच काम करायचा. काकू सांगायच्या, त्याचं दार बंद असलं की आम्ही दोघं पावलंसुद्धा मोजून टाकतो, मिक्सर लावायचा तर आधी दारावर विचारते. मुलगा चांगला होता. बापाचं सगळं करायचा. फक्त दिवसभर त्याच्या कानात दुसऱ्या कोणाचा तरी आवाज असायचा, आणि त्या आवाजाला काकांचा आवाज चालत नव्हता. थोडक्यात, या म्हाताऱ्याला साऱ्या गावात ओरडायला जागा होती ती बाईंच्या घरी, आणि आता तिथेही एक टेबल येऊन बसलं होतं.

पहिल्यांदा गंमतच झाली. नवरा कुठल्याशा मोठ्या गिऱ्हाइकाची समजूत घालत होता, आणि भिंतीपलीकडून आलं, “चला, पुढे सरका!” गिऱ्हाईक म्हणालं, आमचा पंप सरकत नाही म्हणूनच तर फोन केलाय. रात्री जेवताना नवरा ते सांगून पोट धरून हसला. दुसऱ्यांदा हसला नाही. तिसऱ्यांदा त्याच्या साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं, काय हो, घर आहे का बस स्टँड? त्या दिवशी दुपारचा चहा झाला नाही.

बाईंनी मग काय काय नाही केलं. दाराच्या फटीला टॉवेल लावला. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून पाहिली, तर तिथे आवाज जास्तच घुमायचा. नवऱ्याच्या कामाची वेळ चुकवावी, तर त्याच्या मीटिंगा काही वेळ सांगून यायच्या नाहीत. एकदा त्या काकांना बागेत घेऊन गेल्या. तिथे दोन टवाळ पोरींनी काकांच्या वाकड्या तोंडाची नक्कल केली, आणि काका बाकावरून उठले ते वळूनही न पाहता चालू लागले. दवाखान्यात म्हणावं तर तिथे माणूस ओरडायला लागेपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो. नवऱ्यालाही त्यांनी सांगितलं, की हा माणूस मोठ्याने बोलला नाही तर बोलणारच नाही. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि म्हणायचा, अगं, मला कळतंय, पण माझंही बघ ना जरा. आता दोन्ही बाजूंचं बघायचं कोणी, तर बाईंनी.

अशात कंपनीतून कुणकुण आली की सगळ्यांना परत ऑफिसात बोलावणार. वरचे काही जण म्हणत, घरी बसून माणसं आळशी होतात. काही म्हणत, उलट खूश राहतात आणि खूश माणूस जास्त राबतो. निकाल लावायला एक मोठी मीटिंग ठरली. घरून काम करणाऱ्यांच्या बाजूने बोलायला निवडलं बाईंच्या नवऱ्याला, कारण त्याच्याइतका बदललेला माणूस कंपनीत दुसरा नव्हता. तो आदल्या दिवसापासून येरझाऱ्या घालत होता. बाईंना म्हणाला, “अगं, उद्या दुपारी तेवढी शांतता ठेव. एवढंच मागतो. मला परत त्या जागेत नाही जायचं.”

 बाईंना त्याची धरलेली पाठ आठवली, आणि त्यांनी हो म्हटलं.

मग त्यांनी काकूंना फोन केला, की उद्या नका येऊ.  तिकडून काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, की हे गेले दोन दिवस आरशासमोर उभे राहून ओठांचं काहीतरी करतायत, आवाज नाही काढत, पण काहीतरी चाललंय, उद्याचा दिवस नका हो चुकवू. बाईंना ‘येऊ नका’ म्हणवेना. त्या म्हणाल्या, या, उद्या आपण नुसते ओठांचे व्यायाम करू, आवाज न काढता. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. तरी प्रत्येकाला वाटतं, आपले पाय लांब आहेत.

दुसऱ्या दिवशी काका आले ते स्वच्छ दाढी करून. डाव्या हाताने केलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेली. आतल्या खोलीत आरशासमोर बसले. काकू मागे पलंगाच्या कडेला टेकल्या. बाईंनी ओठांवर बोट ठेवून भिंतीकडे खूण केली, काकांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. ओठ मिटा, उघडा, पुढे काढा, ताणा. भिंतीपलीकडे नवऱ्याचं बोलणं सुरू झालं. घसा साफ करून, ठेवणीतल्या आवाजात.

काका आरशात बघत होते. आणि मग बाईंच्या लक्षात आलं की ते स्वतःच्या ओठांकडे बघतच नव्हते. आरशात मागे काकू दिसत होत्या, तिकडे त्यांची नजर होती. त्यांचं तोंड उघडलं. “अ,” ते म्हणाले.

बाई जागच्या जागी ताठ झाल्या. हा बसमधला आवाज नव्हता. घोकलेला शब्द नव्हता. हा माणूस आपल्या मनातलं काहीतरी, आपण होऊन, आपल्या माणसाला सांगायला निघाला होता. “अ… अऽ…” आवाज चढायला लागला. मानेच्या शिरा फुगल्या, डावी मूठ गुडघ्यावर आपटायला लागली. जीभ मागे ओढली गेलेली बाईंना दिसली. पुढचं अक्षर तिथेच, टाळूला टेकलेलं होतं. आता ते सुटणार, आणि सुटेल तेव्हा सगळ्या इमारतीला ऐकू जाणार. पलीकडे नवरा म्हणत होता, मी प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या घरात इतकी शांतता असते…

बाईंनी काकांच्या तोंडावर हात ठेवला.

विचार करून ठेवला नाही. हात गेला. पण गेला तो घट्ट गेला, आणि त्यांच्या तळव्यावर त्या शब्दाची ऊब लागून विरली. त्यांच्या हातावरून काकांचे डोळे त्यांच्याकडे बघत होते. त्या डोळ्यांत राग असता तर बाईंना सोसलं असतं. पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, “माझ्यापेक्षा माझ्या घरचे जास्त खूश आहेत.”

काकूंनी खाली बघितलं आणि पुटपुटल्या, “बरोबर आहे. साहेबांचं काम चाललंय.”

बाईंनी हात काढला. त्या काकांपुढे खाली बसल्या, माफी मागितली, म्हणाल्या काका, म्हणा आता, होऊ दे काय व्हायचं ते, ओरडा. खरंच ओरडा म्हणाल्या, स्वतः ओरडल्याही. पण काकांनी बाहीने तोंड पुसलं, ओठ मिटले आणि उठायची खूण केली. जिन्यात काकूंनी त्यांना हात दिला, तोही त्यांनी घेतला नाही.

मीटिंग संपली तसा नवरा टाळ्या वाजवतच आत आला. कंपनी बहुतेक मानणार, साहेबांनीसुद्धा मान डोलावली, माझं बोलणं होईपर्यंत एक टाचणी पडल्याचा आवाज नाही, नंतर आरडाओरडा झाला तेव्हा माइक बंदच होता. म्हणाला, “कसं काय जमवलंस गं?”

“काकांच्या तोंडावर हात ठेवला मी.”

तो हसला. त्याला वाटलं, बायकोने विनोद केला. मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला आणि म्हणाला, “आधी सांगायचंस ना. मी थांबवलं असतं बोलणं.”

थांबवलं असतं का? बाईंना ते आजतागायत ठरवता आलेलं नाही. बरं, त्याच्यावर आग पाखडावी, तर हात त्याचा नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाच्या नावाने बोटं मोडणार? त्या रात्री त्या खूप बोलल्या आणि तो खूप वेळ ऐकत राहिला, आणि सकाळी तो पुन्हा टेबलाशी बसला, कारण काम तर करायलाच हवं होतं.

काका त्यानंतर आले नाहीत. बाई फोन करायच्या, काकू म्हणायच्या, आज त्यांना कंटाळा आलाय, पुढच्या वेळी बघू. झटक्यानंतरचा पहिला काळ फार मोलाचा असतो, त्यात जेवढं परत येतं तेवढं येतं, मग एकेक दार लागत जातं. हे बाईंइतकं चांगलं कोणाला ठाऊक होतं? आणि इकडे घरात सगळं सुरळीत चाललेलं. कंपनीने मानलं. नवऱ्याने आनंदाने नवी खुर्ची घेतली, पाठीला आधार देणारी. बाईंना तिच्याकडे बघवायचं नाही.

शेवटी एक दिवस त्या न कळवता काकांच्या घरी गेल्या. काकूंनी दार उघडलं ते आवाज न करता, आणि बाईंनी चपला काढल्या त्या उचलून बाजूला ठेवल्या. आत एक दार बंद होतं, त्यामागून मुलाचं बोलणं ऐकू येत होतं, मोजूनमापून, हसतखेळत. काका खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली. बाईंना पाहून त्यांनी ओळखीची मान हलवली, बसा म्हणून हातही केला. रुसवा नव्हता. रुसवा असता तर काढता आला असता.

बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि त्यांनी ठरवून, मोठ्याने, अगदी बसमधल्या आवाजात म्हटलं, “चला काका. पुढे सरका.”

बंद दार किंचित उघडलं. मुलाने कानावरचा हेडफोन उचलून, माइकवर हात धरून, अतिशय नम्रपणे म्हटलं, “मॅडम, प्लीज. जरा हळू.” आणि दार लागलं.

काकांनी दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मान हलवून नाही म्हटलं. लहान मुलाची समजूत घालावी तसं.

काकूंनी पाणी आणून दिलं. बाईंनी ते तसंच खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, घरात काही म्हणतात का हो, थोडंसं तरी? काकू बाजूला बसल्या आणि कुजबुजत सांगू लागल्या, की तसं आता काही अडत नाही, जेवणखाण नीट चाललंय, मुलाच्याही कामात खोळंबा होत नाही, घरात कोणाचं कोणाशी वाजत नाही. बोलता बोलता त्या मधेच थांबल्या.

काका खुर्चीच्या दांड्यावर बोटाने ठोकत होते. टक, टक. हलकेच, बंद दाराला ऐकू जाणार नाही इतपत.

“आले,” काकू म्हणाल्या, त्याही ओठांतल्या ओठांत, आणि उठून त्यांच्याकडे गेल्या.